यंदा काय सोडलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ भस्म बुधवारी सुरू होतो. तो बुधवार जवळ आला की प्रश्न ठरलेला: ‘उपवासकाळात यंदा काय सोडणार?’ गोड, चहा, मांस, मोबाइल, काहीही सांगा, पाठोपाठ दुसरा येतोच: ‘मग रविवारी चालतं का?’

रविवारचं आधी उरकते. भस्म बुधवार ते पवित्र शनिवार, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, ४६ दिवस भरतात. मधले ६ रविवार वगळले की ४० उरतात. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास धरायचा नाही, ही फार जुनी रीत. तेव्हा रविवारी गोड खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. मात्र शनिवारी रात्री घड्याळाकडे डोळे लावून बसलात, तर आठवडाभर मन त्या गोडापाशीच होतं, एवढं कळून घ्या.

सक्तीचा नियम तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप लहान आहे. कॅथलिक चर्चमध्ये उपासाचे दिवस दोनच, भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. एक पोटभर जेवण, आणखी दोन वेळा थोडंसं. ही दोन्ही मिळूनही एका जेवणाइतकी होता कामा नयेत. भस्म बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते १४ वर्षांपासून पुढे. आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट. बाकीचं सगळं तुम्ही आपणहून अंगावर घेतलेलं.

आणि ते घेताना भस्म बुधवारचं वाचन कुणी ऐकतं का, असा मला प्रश्न पडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय: आधी दान, मग प्रार्थना, मग उपास. तुम्ही विचारता ते फक्त तिसऱ्याबद्दल. तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. जेवण सोडलंत तर त्याचे पैसे त्याच रात्री वेगळे काढा, आणि ते कुणाला द्यायचे हे बुधवारच्या आधीच ठरवा. ‘शेवटी हिशेब करू’ म्हटलं की पैसे घरखर्चात मिसळतात आणि उपासातून उरतं ते फक्त घटलेलं वजन. सुटलेला वेळही असाच. मोबाइल बाजूला ठेवलेली वीस मिनिटं प्रार्थनेला बांधली नाहीत, तर ती दुसरं काहीतरी गिळून टाकतं.

हा काळ मुळात वाढला तो बाप्तिस्म्याच्या तयारीतून. ईस्टरच्या रात्री पाण्यात उतरणाऱ्यांची ही शेवटची वाट, आणि बाकीची मंडळी त्यांच्यासोबत चालायची. म्हणून आजही तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि मेलेल्यांतून उठवलेला लाजर यांच्या गोष्टी वाचल्या जातात. शोमरोनी स्त्री विहिरीवर आपली घागर टाकून गावात धावते. तिला कुणी ‘घागर सोड’ म्हटलेलं नव्हतं. तिला येशूकडून असं काही मिळालं की घागरीचं भानच राहिलं नाही.

याच गोष्टीच्या जोरावर मी पूर्वी सांगत असे की सोडण्याच्या फंदात पडू नका, काहीतरी चांगलं करा. ते आता मला पटत नाही. भूक लागल्यावर आपण किती चटकन चिडतो, हे भूक लागल्याशिवाय कळत नाही. कपाळावर राख लावताना ‘तू माती आहेस’ म्हणतात, ते शरीराला उद्देशून आहे. शरीराला वगळून केलेला चांगुलपणा फार सोपा असतो.

तरी तिसऱ्या आठवड्यात नेम मोडतो. तीन-तीन गोष्टी एकदम सोडणाऱ्यांचा हमखास मोडतो. मग ‘आता काय अर्थ?’ म्हणून सगळंच सोडून देतात. अशा वेळी मला येशूचा शिष्य पेत्र आठवतो.

येशूच्या मरणाच्या आदल्या रात्री, गुरुवारच्या भोजनात, तो येशूला म्हणाला होता, तुझ्यासाठी मी प्राण देईन. काही तासांनी येशूला पकडून नेलंय आणि पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात आहे. थंडी आहे, चाकरांनी आणि शिपायांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय, आणि तोही त्यांच्यात शेकत उभा आहे. त्याला कुणी मारलेलं नाही, धमकावलेलं नाही. दारावरची एक मुलगी विचारते, ‘तूही त्या माणसाच्या शिष्यांपैकी ना?’ तो म्हणतो, ‘मी नव्हे.’ शेकोटीभोवतीचे विचारतात, पुन्हा तेच. येशूला पकडताना ज्याचा कान पेत्राने नुकताच कापला होता त्याचा एक नातलग विचारतो, पुन्हा तेच. आणि येशूने सांगितलं होतं तसा कोंबडा आरवतो. लूक सांगतो की त्या क्षणी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं आणि तो बाहेर जाऊन ढसढसा रडला. योहान रडणं सांगत नाही. तो थेट एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, किनाऱ्यावर, पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवतो; वर मासळी, शेजारी भाकर. मूळ ग्रीकमधला हा विस्तवाचा शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. प्रभू ‘का नाकारलंस?’ असं विचारत नाही, नवा नेमही मागत नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हे तीनदा. पेत्रही आता प्राण देण्याची भाषा करत नाही. ‘तुला ठाऊक आहे’ एवढंच म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर दुःखी होतो.

म्हणून मोडलेल्या नेमाला दुप्पट शिक्षा जोडू नका, हे मी आग्रहाने सांगते. दुप्पट केलेला नेम चौथ्या दिवशी पुन्हा मोडतो. पुढच्या जेवणापासून धरा. मी स्वतः कधीकाळी उलटं सांगितलंय, त्याचं वाईट वाटतं.

यावर कुणी म्हणेल, मोडूनच शिकायचं तर नेम धरायचा कशाला? याला समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. आणि दुसरं त्याहून जड आहे. मत्तय सांगतो की येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला, त्याने त्यासाठी घेतलेली चांदीची ३० नाणी परत नेली, ‘मी पाप केलं’ असं तोंडाने म्हणाला. पेत्राने तर एवढंही म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तरी एक गळफासाकडे गेला आणि एक किनाऱ्यावर पोचला. ‘यहूदा निराश झाला’ असं स्पष्टीकरण देतात, मीही दिलंय. येशूच्या दुःखसहनाचं वाचन ऐकताना ते दरवर्षी मला अपुरं पडतं.