आवाज रेकॉर्ड केले, म्हणजे भाषा वाचली का?

अलास्कातल्या कोडियाक बेटांवरच्या अलूतीक भाषेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: जुनी माणसं आहेत तोवर त्यांचे आवाज टिपून ठेवले की झालं ना? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाही होत. नोंदीविना पडलेली ध्वनिफीत पुढच्या पिढीच्या फारशी उपयोगाची नसते.

या भाषेत 'क' दोन जागी उच्चारला जातो: एक आपल्यासारखा, दुसरा पार मागे, पडजिभेपाशी (तो इथे 'क़' असा लिहिलाय). 'क़याक़' म्हणजे एक होडी, 'क़याक' म्हणजे दोन, 'क़यात' म्हणजे पुष्कळ. शेवटचा आवाज दबला की वचनच बदलतं. म्हणून फ्रिज-पंखा बंद ठेवायचा, माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला धरायचा, आणि मूळ फाइल आवाज दाबून लहान करणाऱ्या एमपी३मध्ये नव्हे, वेव्हमध्येच ठेवायची. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून घ्यायचं. रेकॉर्ड केलेलं बोलणं त्याच आठवड्यात, बोलणारी व्यक्ती शेजारी असतानाच लिहून काढावं. शंका आली तर लगेच विचारता येते. कोडियाकच्या उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची बोली थोडी वेगळी आहे. दोन्ही एकसारख्या करून 'शुद्ध' रूप बनवायचा मोह कटाक्षाने टाळावा.

सगळ्यात मोठी चूक शब्दयादीची. 'याला काय म्हणता?' असं विचारत गेलं की नामं गोळा होतात. अलूतीकचा जीव मात्र क्रियापदाला एकापाठोपाठ एक लागणाऱ्या प्रत्ययांत आहे. त्यापेक्षा सामन मासा चिरून धुरावायला घेतलेला असताना माइक चालू ठेवावा. आज्ञा, प्रश्न, रागावणं, सगळं आपोआप येतं.

नोंदीची किंमत मुखवट्यांनी दाखवून दिली. फ्रेंच अभ्यासक आल्फोन्स पिनार यांनी १८७१-७२ मध्ये कोडियाकहून मुखवटे नेले, पण त्यांतल्या अनेक मुखवट्यांची नावं आणि गाणीही टिपली. ते मुखवटे फ्रान्समधल्या बुलोन-स्यूर-मेरच्या संग्रहालयात आहेत; त्यांतले काही २००८ मध्ये प्रदर्शनासाठी कोडियाकला आले, तेव्हा ते नुसतं कोरीव लाकूड राहिलं नव्हतं, त्यांच्यासोबत शब्दही होते.

कोडियाकचं अलूतीक संग्रहालय १९९५ मध्ये उघडलं, १९८९ च्या एक्सॉन वाल्डेझ तेलगळतीच्या भरपाईतून मिळालेल्या पैशांवर. दर आठवड्याला एक शब्द, तो वापरलेलं वाक्य आणि त्यामागची छोटी माहिती देण्याचा त्यांचा उपक्रम फार मोलाचा आहे, कारण तेवढं घरात रोज बोलून बघता येतं.

आणि परवानगी लेखी घ्या. काय सगळ्यांसाठी खुलं, काय कुटुंबापुरतं, हे बोलणाऱ्यानेच ठरवायचं. आणि एक प्रत त्याच्या घरी गेलीच पाहिजे.