तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरच्या कविता कुणासाठी?

मी स्पॅनिश शिकवते. मेक्सिकोचा विषय निघाला की वर्गात अतोतोनिल्कोच्या चर्चचे फोटो दाखवते, आणि कुणीतरी विचारतंच, 'मॅडम, अठराव्या शतकात तिथल्या कितीशा लोकांना वाचता येत होतं? मग भिंतीभर कविता लिहिल्या कुणासाठी?'

प्रश्न रास्त आहे. ग्वानाख्वातो राज्यात, सान मिगेल दे अल्येन्देजवळ लुइस फेलिपे नेरी दे आल्फारो या पाद्र्याने 1740 मध्ये हे चर्च बांधायला घेतलं. तेव्हा तिथे स्पेनचं राज्य होतं. बाहेरून नुसत्या उंच, साध्या भिंती. आत मात्र भिंतीवर, छतावर कोरी जागा शोधावी लागते. येशूचे हाल, देवदूत, सैतान, वेलबुट्टी, आणि मधूनमधून चौकटींत नि पट्ट्यांवर ओळीच ओळी. चित्रं मिगेल आन्तोनियो मार्तीनेस दे पोकासान्ग्रे याची. हे काम सुमारे तीस वर्षं चाललं. पुष्कळशी दृश्यं त्याने युरोपातून आलेल्या फ्लेमिश छापील चित्रांवरून घेतली आहेत. कविता स्वतः आल्फारोंच्या.

कवी म्हणून आल्फारो काही थोर नाहीत, हे सांगून टाकते. उपदेश फार, यमकं ठरलेली. पण त्या ओळी पुस्तकात वाचून त्यांचं मोल कळायचं नाही, कारण ही जागा मुळात साधनेची. जेझुइट या ख्रिस्ती संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याने घालून दिलेल्या पद्धतीने लोक इथे काही दिवस एकांतात राहायचे: मौन, प्रवचनं, प्रायश्चित्त. त्या पद्धतीत येशूच्या यातनांचा प्रसंग मनासमोर आणायचा असतो, जणू आपण तिथेच उभे आहोत. पोकासान्ग्रेच्या चित्रांनी कल्पनेचं ते काम सोपं केलं. उरलं काय, तर त्या प्रसंगासमोर उभं राहून बोलायचं काय! ते कवितेने सांगितलं.

म्हणजे प्रत्येकाला वाचता यायची गरजच नव्हती. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असंच होत असणार. आपल्याकडे हरिपाठ तोंडपाठ असलेल्या किती आज्यांना अक्षरओळख होती? छताजवळच्या ओळी वाचताना तर वाचता येणाऱ्याचीही मान मोडते. त्या देवासाठी असाव्यात, किंवा आल्फारोंच्या स्वतःसाठी. ते 1776 मध्ये वारले आणि त्यांना तिथेच पुरलं.

(इतिहासाच्या पुस्तकांत अतोतोनिल्को येतं ते वेगळ्याच कारणाने. 16 सप्टेंबर 1810 ला स्पेनविरुद्ध उठाव करून निघालेल्या मिगेल इदाल्गोने ग्वादालूपेच्या मातेचं, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीच्या रूपाचं, चित्र इथूनच उचललं आणि त्याचं निशाण केलं. 2008 पासून हे चर्च युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. साधनेला मात्र आजही हजारो लोक येतात, आणि बाहेरच्या दुकानांत काटेरी मुकुट नि आसूड विकायला असतात.)

आल्फारोंनी वापरलेल्या छंदांपैकी एक 'देसिमा': दहा ओळी, ओळीला आठ अक्षरं, यमकांची जागा पक्की. पाठ करायला सोपा, म्हणूनच टिकला. त्याच राज्यातल्या सिएरा गोर्दाच्या डोंगराळ भागात दोन गवई समोरासमोर मचाणांवर बसतात आणि रात्रभर देसिमा जागच्या जागी रचून एकमेकांना उत्तरं देतात. हातात कागद नसला तरी त्यांचं अडत नाही.