कलेजी, फोपसं आणि आमचे सर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, शाळेच्या आठवणी, शिक्षकांबद्दल वगैरे, असा ग्रुपवर मेसेज आला आणि मी लॅबमधून सुटून तो वाचेपर्यंत बाकीच्यांनी प्रार्थना, गॅदरिंग, छडी, पावसात गळणारा वर्ग अशा सगळ्या विषयांवर हक्क सांगून टाकलेला. मला उरलं ते बोकडाचं काळीज, म्हणजे लिव्हर. हसू नका, माझी रोजीरोटी त्याच विषयावर चाललीय. म्हणजे बोकडाच्या नाही, माणसांच्या. मी हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला नाहीतर सुईने घेतलेला तुकडा आमच्याकडे येतो, त्याची आम्ही स्लाइड करून देतो आणि डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून काय आजार आहे ते सांगतात. पेशंट आम्हाला कधी दिसत नाही, आम्हाला फक्त नंबर आणि तुकडा.

बॅचमध्ये मी 'मेडिकलवाली' असल्यामुळे कोणाच्याही घरी सोनोग्राफी झाली की रिपोर्टचा फोटो मला येतोच. आणि प्रश्न ठरलेला, हे 'रीनल पॅरेन्कायमल चेंजेस' काय प्रकरण आहे गं, सिरीयस आहे का? सिरीयस आहे का ते तुझ्या डॉक्टरांना विचार, असं मी दरवेळी सांगते. रीनल म्हणजे किडनीचं, एवढं ठीक, पण पॅरेन्कायमा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे, कारण सरांनी ते नववीत दाखवलं होतं आणि तेव्हा तुम्ही निम्मे जण खिडकीबाहेर बघत होतात.

सरांचं नाव लिहीत नाही. फोन केला तर म्हणाले, माझं नाव छापलंस तर स्मरणिका परत पाठवीन. तेव्हा नुसतं 'सर'. जुन्यांना कळेल, नव्यांना कळून उपयोग नाही.

तर आमचं बाजारपेठेत मटणाचं दुकान होतं हे सगळ्यांना माहीतच आहे, आणि शाळेत मला ते लोकांना माहीत असणं फार आवडायचं नाही हे काहींना माहीत असेल. एका रविवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला सर आले, सायकल लावली आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, उद्या सकाळी मला काळीज, फोपसं, गुर्दे, तिल्ली, सगळं एकत्र पाहिजे, नळीसकट." वडील म्हणाले, "नळी कशाला सर, साफ करून देतो की." सर म्हणाले, "साफ केलेलं नकोय, पोरांना तेच दाखवायचंय." शिवाय वेगळं पावशेर काळीज उकडून पाठवा म्हणाले. आई आतून विचारते, मीठ घालू का? सरांनी अगदी गंभीरपणे विचार करून सांगितलं, नको.

सोमवारी मी दोन डबे घेऊन शाळेत. सरांनी पहिलंच सांगून टाकलं, ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी व्हरांड्यात थांबलं तरी चालेल, गैरहजेरी लागणार नाही. सात-आठ जण गेले आणि पाच मिनिटांत खिडकीच्या गजाला नाक लावून उभे. मला सरांनी टेबलाशी उभं केलं आणि एकेक अवयव उचलून 'हे काय' विचारायला लागले. मला सगळी नावं येत होती, दुकानातली. तिल्ली म्हटलं की ते फळ्यावर 'प्लीहा' लिहायचे, गुर्दा म्हटलं की 'मूत्रपिंड', म्हणजे त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त येणारी मुलगी मी होते. असं माझ्या बाबतीत गणितात कधी झालं नाही.

मग त्यांनी श्वासनळीत सायकलच्या पंपाची नळी घालून हवा मारली आणि ती मळकट गुलाबी फोपसं टम्म फुगून टेबलभर पसरली. मुलं ओरडलीच. त्याचा एक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला, तो तरंगला. काळजाचा तुकडा टाकला, तळाशी. का, तर एकाचं काम हवेशी आणि दुसऱ्याचं रक्ताशी. माणसाच्या फुप्फुसात ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर होतात, हा हिशोब मी खूप नंतर शिकले, पण तो तुकडा तरंगताना बघितलेला असल्यामुळे मला तो पाठ करावा लागला नाही.

खरा धडा त्यानंतरचा. सरांनी उकडलेलं काळीज घेतलं आणि चमच्याच्या पाठीने, नळाखाली धरून, हळूहळू खरवडायला सुरुवात केली. तपकिरी लगदा सुटून मोरीत वाहून जायला लागला. बराच वेळ चाललं ते, घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. शेवटी सरांच्या हातात उरली ती फांद्या फुटलेल्या नळ्यांची आणि पांढरट धाग्यांची एक गुंतवळ, वाळलेल्या घोसाळ्याच्या आत असते तशी जाळी. ती वर धरून म्हणाले, "आकार बघा, काळजासारखाच आहे की नाही? आता सांगा, काम कोण करत होतं?" कोणीतरी म्हणालं, ही जाळी. सर म्हणाले, "काम करत होतं ते मोरीत गेलं."

बस, हाच पॅरेन्कायमा. जे मोरीत गेलं ते. आमच्या पुस्तकात हा शब्द फक्त झाडांच्या धड्यात होता, प्राण्यांच्या धड्यात अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता अशा चार ऊती पाठ करायच्या आणि पुढे जायचं. पण हा काही पाचवा प्रकार नाही, हा हुद्दा आहे. त्या अवयवाचं जे मुख्य काम ते करणाऱ्या पेशी म्हणजे त्याचा पॅरेन्कायमा, मग लिव्हरमध्ये आणि किडनीत त्या अभिस्तर जातीच्या, हृदयात स्नायूच्या, मेंदूत चेतापेशी. आणि त्यांना धरून ठेवणारे धागे, रक्तवाहिन्या, वरचं आवरण हे सगळं मिळून स्ट्रोमा. स्वादुपिंडात तर दोन वेगळी खाती आहेत, बहुतेक सगळा पॅरेन्कायमा पाचकरस करतो आणि मध्ये मध्ये छोटी बेटं असतात, सगळ्या अवयवाच्या जेमतेम १ ते २ टक्के, त्यांच्यातून इन्सुलिन येतं. ती बेटं १८६९ साली पाउल लांगरहान्स नावाच्या मुलाने शोधली, तेव्हा तो बर्लिनमध्ये मेडिकलचा विद्यार्थी होता आणि ही कशासाठी आहेत ते त्यालाही कळलं नव्हतं.

सरांनी केलं तो प्रयोग त्यांचा स्वतःचा असावा असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मग लॅबमध्ये लागल्यावर कुठेतरी वाचलं की इंग्लंडमधल्या फ्रान्सिस ग्लिसन नावाच्या डॉक्टरने यकृतावर १६५४ साली अख्खं पुस्तक लिहिलं, आणि आतल्या नळ्या बघायला त्यानेही शिजवलेलं यकृत असंच खरवडलेलं. फोन करून सरांना सांगितलं तर म्हणाले, मग, तुला काय वाटलं मला स्वप्न पडलं होतं? त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात इरॅसिस्ट्रॅटस म्हणून एक होऊन गेला, त्याचं मत असं की खऱ्या महत्त्वाच्या या नळ्याच, आणि मधला मऊ लगदा म्हणजे नुसतं झिरपून साकळलेलं रक्त, भराव. शतकानुशतकं लोक असंच धरून चालले. मायक्रोस्कोप आल्यावर मार्चेल्लो माल्पिगीने १६६६ च्या पुस्तकात दाखवलं की तो भराव नाही, त्याला बारीक बारीक खंडांची नीट रचना आहे. मला यात गंमत वाटते की ज्याला लोक भराव म्हणत होते त्याच्यावरच सगळं चाललेलं. मोठ्या माणसाच्या लिव्हरचं वजन दीड किलोच्या आसपास, त्यातला ८० टक्के भाग या काम करणाऱ्या पेशी, पित्त करणं, रक्त गोठायला लागणारी प्रथिनं करणं, साखर साठवणं, औषधांचा निकाल लावणं, सगळं मुख्यतः एकाच जातीची पेशी करते.

आता लॅबमधलं थोडं सांगते, कारण तिथे हेच सगळं रंगात दिसतं. लिव्हरची बायोप्सी म्हणजे फॉर्मालिनच्या बाटलीत ठेवलेला शेवईएवढा धागा, दीड-दोन सेंटीमीटर लांब, अख्ख्या लिव्हरचा साधारण ५० हजारावा भाग, आणि त्याच्यावरून निदान करायचं. त्याला अल्कोहोलमधून नेऊन पाणी काढायचं, मग झायलीन, मग ६० डिग्रीच्या आसपास वितळलेलं मेण, ब्लॉक गार झाला की मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, ४ मायक्रॉनचे काप. काप एकाला एक चिकटून रिबन सुटते, ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडली की गेली. पंखा लावायचा नाही, जवळ शिंकायचं नाही, मे महिन्यात हे किती सुखाचं असेल ते तुम्हीच ओळखा. नेहमीच्या रंगात पेशींची केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचं गुलाबी दिसतं. फॅटी लिव्हर असेल तर पेशीत गोल पांढरी भोकं भोकं दिसतात, कारण चरबी झायलीनमध्ये केव्हाच विरघळून गेलेली असते, आपण बघतो ती तिची रिकामी जागा. हल्ली ही भोकं फार बघते मी. ग्रुपवर रोज रात्री मिसळ-पावचे फोटो टाकणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आणि मग मॅसन ट्रायक्रोम. हा रंग केला की काम करणाऱ्या पेशी लाल आणि कोलॅजनचे, म्हणजे स्ट्रोमातले, धागे निळे. चांगल्या लिव्हरमध्ये निळं अगदी थोडं, नळ्यांच्या कडेकडेने. सिरॉसिसच्या, म्हणजे वण पडून कडक झालेल्या, लिव्हरमध्ये निळे पट्टे आडवेतिडवे पसरून लालाचे तुकडे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकडा आपापला गोल गरगरीत. दारू असो, कावीळ बी किंवा सी असो, चरबी असो, वर्षानुवर्षं पेशी मरत राहिल्या की शेजारी गुपचूप बसलेल्या दुसऱ्या पेशी, ज्या एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवून ठेवायचं काम करतात, त्या धागे विणायला लागतात. वरून अवयव आहे तिथेच आहे, नावही तेच, पण आतला कारभार स्ट्रोमाच्या हातात. नववीत नळाखाली झालेलं ते इथे माणसाच्या पोटात वीस-वीस वर्षं चाललेलं असतं आणि पेशंटला बरेचदा शेवटपर्यंत पत्ता नसतो.

(संपादक मंडळाने सुचवलंय की याचा शाळेशी संबंध जोडा, म्हणजे शाळेची इमारत आणि विद्यार्थी वगैरे. नाही जोडणार. सरांना आवडणार नाही आणि मलाही.)

लिव्हरचं एक बरं आहे, ते परत वाढतं. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या लिव्हरचा दोन तृतीयांश भाग काढला तर उरलेलं दीडेक आठवड्यात जवळजवळ पहिल्या वजनाला आलं. कापलेला भाग फुटत नाही, उरलेला मोठा होतो. म्हणून तर आज मुलगी बापाला लिव्हरचा तुकडा देऊ शकते आणि दोघंही जगतात. किडनीचं तसं नाही. एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक घटक, जन्मानंतर नवा एकही होत नाही, गेला तो गेला, त्याच्या जागी वण. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर सोडतात, एवढं काम उरलेल्यांनी वाटून घ्यायचं, आणि ते निमूट घेतात, म्हणून तर फार उशिरा कळतं. तेव्हा रिपोर्टमध्ये 'पॅरेन्कायमल' दिसलं तर मला फोटो पाठवण्याआधी बीपी आणि शुगर तपासून घ्या, किडनी खाणारे सगळ्यात मोठे चोर हेच दोन.

वडिलांनी हे सगळं न शिकता ओळखलं होतं असं मला कधी कधी वाटतं. मेंढराचं काळीज हातात घेतलं की ते आधी अंगठ्याने दाबून बघायचे. दाबलं जायला पाहिजे, कडक लागलं की नाही ठेवायचं. कापल्यावर नळ्या जाड, पांढऱ्या आणि करकरीत लागल्या की आत चपटे कृमी असणार, ओढ्याकाठच्या गोगलगायींतून येतात ते, मग पूर्ण काळीज बाजूला, वजनाला लागायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो तेवढा भाग काढून द्या की. ते द्यायचे नाहीत. आज मोठ्या हॉस्पिटलांत लिव्हर किती कडक झालंय हे मोजायला फायब्रोस्कॅनचं मशीन आहे, बरगड्यांवर धरतात, आतून लहर जाते, किलोपास्कलमध्ये आकडा येतो. मशीनचं बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा तो अंगठाच आठवला.

अजून एक सांगायचंच आहे, सर वाचतील म्हणून. सर, तुम्ही जी जाळी शेवटी फेकून दिलीत ना, तिच्यावर आता वेगळाच खेळ चाललाय. २००८ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेलेल्या हृदयातून साबणासारखं रसायन सोडलं, शाम्पूत असतं त्याच जातीचं, आणि सगळ्या पेशी धुऊन काढल्या. उरलं पांढरं, अर्धपारदर्शक हृदय, नुसता सांगाडा. त्याच्यात नव्या पेशी सोडल्या तर काही दिवसांनी ते थोडंसं धडधडलं, अगदी किंचित, पूर्ण वाढलेल्या हृदयाच्या २ टक्के ताकदीने. दोन वर्षांनी लिव्हरवरही तसंच करून बघितलं. माणसात बसवण्याइतकं काही झालेलं नाही अजून, पण चमच्याने खरवडण्यापेक्षा जाळी फारच सुंदर निघते, व्हिडिओ पाठवलाय तुम्हाला, मुलाला सांगून उघडून घ्या.

शाळेच्या लॅबसाठी स्लाइड्सचा एक डबा मी ऑफिसात देऊन ठेवलाय. सगळ्या बोकडाच्या आहेत, पेशंटच्या नाहीत, काळजी नको. लिव्हर, किडनी, फुप्फुस, प्लीहा आणि स्वादुपिंड, प्रत्येकाचे नेहमीच्या रंगात आणि ट्रायक्रोममध्ये असे दोन-दोन सेट, वर मराठीत लेबलं. डुकराचं लिव्हर मिळालं तर तेही देईन, त्यात खंडांच्या मधले पडदे इतके स्पष्ट दिसतात की नववीतलं पोरही मोजू शकेल. डबा उन्हात ठेवू नका, रंग उडतो. आणि मायक्रोस्कोपची मोठी लेन्स स्लाइडला टेकते आहे, आधी ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी काच फुटेल.