हे सगळं आता फोनमध्ये आहे, मग?

“मावशी, हे सगळं माझ्या फोनमध्ये आहे. मग ही सायकल बघायला तू सगळ्यांना इथे का घेऊन येतेस?”

हा प्रश्न या वेळी भाच्यानं विचारला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आला होता. याआधी सासूबाईंनी विचारलाय, शाळेतल्या मैत्रिणीनं विचारलाय, आणि माझ्याकडून या सायकलीबद्दल ऐकून तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी विचारलाय. घरी पाहुणे आले की गोल्डन गेट पुलाच्याही आधी मी त्यांना माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये नेते आणि या एका सायकलीपाशी थांबून राहते. का, ते आज नीट सांगते.

सायकलीचं नाव बेहेमॉथ. ती स्टीव्हन रॉबर्ट्स या माणसानं बनवली. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेल्या या नावाचा अर्थ साधारण असा: माणसाच्या ताकदीवर चालणारं मोठं इलेक्ट्रॉनिक यंत्र, फक्त फार जड. आणि जड म्हणजे खरोखर जड, मागच्या ट्रेलरसकट ५८० पौंड, म्हणजे २६० किलोंच्या वर. १०५ गिअर. तीन वेगवेगळ्या जातींचे कॉम्प्युटर, हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, ट्रकवाले वापरायचे तसला उपग्रहाशी बोलणारा संच, आणि ट्रेलरवर ७२ वॉटची सोलर पॅनेल. हेल्मेटमधून थंड पाणी फिरायचं. एका डोळ्यासमोर लाल अक्षरांचा छोटासा पडदा असायचा. मान वळवली की पडद्यावरचा बाण हलायचा, कारण हेल्मेट कुठे वळलंय हे अल्ट्रासाउंडनं मोजलं जायचं. कुणी परक्यानं हात लावला तर सायकल चक्क बोलायची. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांनी सुटे भाग दिले, जागा दिली, आणि १९९१ च्या सुमारास ती उभी राहिली.

एवढं वर्णन ऐकलं की भाच्याचं म्हणणं बरोबरच वाटतं. ईमेल, नकाशा, रेडिओ, चोर-अलार्म, सगळं खिशात मावतं आता. पण ही गोष्ट बेहेमॉथपासून सुरू होत नाही. ती सुरू होते १९८३ साली, ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या एका उपनगरातल्या घरापासून.

रॉबर्ट्स तिथे राहायचा. लेखन करायचा, इलेक्ट्रॉनिक्सची कामं करायचा. घर होतं, घराचं कर्ज होतं, आणि ज्या कामांची कधीकाळी हौस होती तीच कामं आता हप्ते फेडायला करावी लागत होती. मग त्यानं आपल्याला मनापासून काय काय आवडतं ते मांडून पाहिलं: लिहिणं, सायकल, कॉम्प्युटर, हॅम रेडिओ, भटकंती, नवी माणसं. आणि यातलं एकही न सोडता सगळं एकत्र करता येईल असं एकच आयुष्य असू शकतं का, हा प्रश्न स्वतःला घातला. सप्टेंबर १९८३ च्या अखेरीस तो मागे रेलून चालवायच्या, खास बनवून घेतलेल्या सायकलवर निघाला. अमेरिकेत विनेबॅगो नावाच्या, आत घर असलेल्या मोठ्या गाड्या असतात, त्यावरून त्यानं हिचं नाव विनेबिको ठेवलं. आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. याचं चाकांवर होतं.

तारखेकडे जरा बघा. अमेरिकेतली पहिली व्यावसायिक मोबाइल फोन सेवा शिकागोला सुरू झाली ती ऑक्टोबर १९८३ मध्ये. हा त्याच्या आधीच रस्त्यावर होता. त्याच्याकडे रेडिओ शॅक कंपनीचा मॉडेल १०० होता, वहीएवढा कॉम्प्युटर, पडद्यावर फक्त आठ ओळी, एका ओळीत ४० अक्षरं. घड्याळात-टॉर्चमध्ये घालतो तसले चार पेन्सिल सेल त्याला पुरायचे. दिवसभर सायकल चालवायची, संध्याकाळी लेख लिहायचा, आणि टेलिफोनची लाइन मिळेल तिथून कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर पाठवून द्यायचा. त्या कॉम्प्युटरातला मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून मजकूर पाठवणारा भाग, सेकंदाला साधारण ३० अक्षरं पाठवायचा. सहा हजार अक्षरांचा लेख जायला तीन-साडेतीन मिनिटं. तेवढा वेळ तो माणूस कुठल्या तरी गावातल्या फोनपाशी उभा आहे आणि त्याचं ऑफिस, त्याचा पत्ता, त्याची मित्रमंडळी सगळी त्या तारेच्या पलीकडे आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो रोज वेगळ्या गावी झोपायचा, पण पत्र मात्र रोज त्याच पत्त्यावर यायचं. अशा रीतीनं त्यानं १०,००० मैल, म्हणजे १६,००० किलोमीटर काढले.

आणि त्या मैलांमध्ये त्याला एक गोष्ट सलत राहिली. विचार सुचतात ते सायकल चालवताना. लिहायला बसेपर्यंत निम्मे निसटलेले असतात. अर्धा दिवस पाय चालतात, डोकं चालतं आणि हात नुसते मुठी धरून बसलेले असतात.

म्हणून १९८६ साली विनेबिकोचा दुसरा अवतार आला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. या सायकलीचं हँडल सीटच्या खाली असतं. रेलून बसलं की हात कमरेच्या दोन्ही बाजूंना सैल सोडलेले, आणि बोटं मुठींवर. त्यानं त्या मुठींमध्येच बटणं बसवली. प्रत्येक अक्षराला वेगळं बटण नाही. दोन, तीन, चार बटणं एकदम दाबायची, की त्या जुळणीचं एक अक्षर उमटतं. हात हँडलवरून न काढता, नजर रस्त्यावरून न हलवता तो चालत्या सायकलवर लिहू लागला. बासरीवर बोटं बसतात तशी ती बसत गेली असणार. या रूपात आणखी ६,००० मैल झाले.

आता सांगा, हे तुमच्या फोनमध्ये आहे का? फोनवर लिहायचं तर थांबावं लागतं, मान खाली घालावी लागते, रस्ता सोडावा लागतो. फोन तुमच्याआमच्या सगळ्यांसाठी सारखाच बनवलेला असतो. ही सायकल एका माणसाच्या एका अडचणीतून बनली. अडचण अशी की मला चालता चालता सुचतं. मी गेली वीस वर्षं छोट्या यंत्रांचे सर्किट बोर्ड बनवायचं काम करते, आणि नवीन काम हाती आलं की सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारते: याचे हात कुठे असतील? ही सवय मला त्या मुठींपाशी उभं राहून लागली.

दुसरं कारण सांगलीचं आहे. शाळेत असताना संध्याकाळच्या क्लासवरून मी सायकलनं परत यायचे. पुढच्या चाकाला डायनॅमो होता. खटका दाबला की त्याची चाकी टायरला टेकायची, घर्रर्र आवाज सुरू व्हायचा आणि पायांना लगेच कळायचं की आता दिवा ओढायचाय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डे होते, तिथे वेग कमी व्हायचा आणि नेमका तिथेच दिवा मिणमिणायचा. उजेड फुकट नसतो, हे मला फिजिक्सच्या पुस्तकाच्या आधी माझ्या पोटऱ्यांनी शिकवलं.

बेहेमॉथपाशी मला तोच डायनॅमो आठवतो. सूर्याकडून किती वॉट मिळाले, बॅटरीत किती उरले, कोणतं यंत्र चालू ठेवायचं, याचा हिशेब त्या माणसाला सतत ठेवावा लागायचा. आणि जे यंत्र बसवलं त्याचं वजन चढावर स्वतःच्या पायांनी ओढायचं. १०५ गिअर मिरवायला नव्हते. इतकं ओझं घेऊन डोंगर चढताना वेग इतका पडतो की दोन चाकांवर तोल राहत नाही, म्हणून बाजूला खाली सोडायची जादा चाकं होती, विमानाची उतरतात तशी.

इथे मी माझं मत लपवत नाही. तिन्ही रूपांत मला दुसरं सगळ्यात आवडतं. एकूण १७,००० मैलांपैकी बहुतेक अंतर आधीच्या दोन हलक्या सायकलींनीच कापलं. बेहेमॉथ थोर आहे, पण तिच्यात यंत्रांनी रस्त्यावर कुरघोडी केली असं मला वाटतं. तरी म्युझियममध्ये उभी ती आहे, आणि तिच्या मुठींमध्ये आधीच्या मैलांची शिकवण आहे, म्हणून मी तिच्यापाशी थांबते.

भाच्याला एवढं सगळं मी एका दमात सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय तेवढंही नाही. फक्त हँडल सीटखाली का आहे ते दाखवलं. तो पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. मी पाण्याची बाटली भरून परत आले तेव्हा तो मागे रेलला होता, दोन्ही हात बाजूला खाली सोडलेले, आणि बाकाच्या कडेवर बोटं दाबून बघत होता. आधी एकेक, मग दोन-दोन.

“मावशी, प्रत्येक हाताला चार अशी आठ बटणं धरली तर दोनशे पंचावन्न जुळण्या होतात.”

“होतात की.”

“म्हणजे मराठीला पुरतील. मुळाक्षरं, काना-मात्रा, सगळं. आणि एकदम दाबायचं म्हणजे जोडाक्षरच झालं की ते.” त्यानं परत बोटं टेकवली. “क ला हे दोन. ष ला हे तीन. मग क्ष ला पाचही एकदम दाबायचे, की वेगळी जुळणी द्यायची?”

मी त्याच्या शेजारी बसले आणि हात खाली सोडले. म्युझियम बंद व्हायला अजून तासभर होता.