ब्रिस्टलमधला रेगेचा शनिवार-रविवार

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जाणारे बहुतेक लोक क्लिफ्टनचा झुलता पूल आणि बंदराचा काठ बघून परततात. मी गेले ती एका रेगे बँडबरोबर. रेगे म्हणजे जमैकात जन्मलेलं संगीत. माझी मैत्रीण त्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. तिचे आजी-आजोबा जमैकाहून इंग्लंडला आलेले. शुक्रवारी रात्री पबमध्ये, शनिवारी ट्रिनिटी सेंटरमध्ये आणि रविवारी दुपारी पुन्हा एका छोट्या पबमध्ये, असे कार्यक्रम होते. "चल, पण सामान उचलावं लागेल," एवढीच तिची अट होती. कुणी वादक मित्र असं बोलावत असेल तर जरूर जा. तिकीट काढून आलेल्या माणसाला शहराचा जो भाग कधी दिसत नाही, तो सामान उचलणाऱ्याला मागच्या दारातून दिसतो.

लंडनच्या पॅडिंग्टनहून टेंपल मीड्स स्टेशनपर्यंत रेल्वेने साधारण पावणेदोन तास लागतात. ड्रम आणि अँप्लिफायर व्हॅनमधून पुढे गेले होते. आम्ही दोघी बेस घेऊन रेल्वेने निघालो. जाताना आगाऊ तिकीट काढा, स्वस्त पडतं. पण ते त्याच गाडीला चालतं, म्हणून परतीचं तिकीट वेळेचं बंधन नसलेलं घ्या. कार्यक्रम ठरल्या वेळी संपत नाहीत. व्हॅन नेणार असाल तर एक गोष्ट आधीच तपासून ठेवा. शहराच्या मध्यभागात नोव्हेंबर 2022 पासून स्वच्छ हवा क्षेत्र आहे आणि जुन्या डिझेल व्हॅनला तिथे दिवसाला 9 पौंड भरावे लागतात. हा दिवस मध्यरात्री बदलतो. संध्याकाळी सामान उतरवून रात्री एकला परत भरलंत, तर दोन दिवसांचे पैसे होतात. बँडचं मानधन मुळात बेताचं असतं, त्यात हे धरलेलं नसतं.

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघतात तेव्हा, नक्की थांबा. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथेच. आधी ड्रम, मग बेस, मग गिटार आणि कीबोर्ड, शेवटी गाणारे, असा क्रम लागतो. मैत्रिणीने बेस काढला, ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण पार शून्यावर नेलं आणि पिशवीतून स्पंजची एक पट्टी काढून ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, तारांखाली खोचली. भांडी घासायच्या स्पंजचीच कापलेली पट्टी. तिच्यामुळे तारेचा नाद लांबत नाही, सूर गोल आणि आखूड पडतो. मग बोटं गिटारच्या मानेजवळ नेऊन अंगठ्याने तिने पहिला सूर लावला आणि माझ्या हातातल्या कागदी कपातलं पाणी थरथरलं. रेगेत चाल बेसवर असते. गाणाऱ्याचे शब्द दुसऱ्या दिवशी आठवले नाहीत तरी बेसची ओळ डोक्यात घोळत राहते.

ठेका समजून घ्यायचा असेल तर आपल्या कहरव्यावरून सोपं जातं. कहरव्यात समेवर धा पडतो आणि पाचव्या मात्रेवर खाली येते. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात याच्या बरोबर उलटं. चार ठोके मोजले तर पहिला मोकळा सोडतात आणि किक व स्नेअर या दोन्ही ड्रमचं वजन एकदम तिसऱ्यावर टाकतात, म्हणजे आपल्या खालीच्या जागी. वर गिटारचा तुटक 'च्यक' दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडत राहतो. तबल्याची सवय असलेला कान सुरुवातीला समेची वाट बघत बसतो. ती वाट बघणं सोडून दिलं की अंग आपोआप डोलायला लागतं. तिचा ड्रमर कहरव्याबद्दल उत्सुक होता, म्हणून मी टेबलावर 'धा गे ना ति, न क धि न' वाजवून दाखवलं. त्याने लगेच पाचव्या मात्रेवर टाच आपटायला सुरुवात केली आणि दोन्ही ठेके छान बसले.

शुक्रवारचा पब स्टोक्स क्रॉफ्टच्या परिसरात होता. जागा चिंचोळी, स्टेज म्हणजे कोपऱ्यातली थोडी रिकामी फरशी. अशा ठिकाणी स्पीकरच्या तोंडासमोर उभं राहू नका. मिक्सर, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र जुळवायचं यंत्र, चालवणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला उभं राहा, कारण तो जे ऐकतो त्यावरूनच आवाज लावतो. कानात घालायचे प्लग आठवणीने न्या, आणि ते वादक वापरतात तसले फिल्टरचे न्या. साध्या फोमच्या बोळ्यांनी वरचे सूर गळून जातात आणि नुसती घुमघुम उरते.

शनिवारी सकाळी बँड झोपलेला असतो. तो वेळ सेंट पॉल्समध्ये घालवा. ब्रिस्टलचा रेगे याच वस्तीत वाढला. 1966 साली सेंट पॉल स्ट्रीटवर बांबू क्लब सुरू झाला, कारण कॅरिबियनहून आलेल्या लोकांना शहरातल्या अनेक पबांत आणि क्लबांत धड प्रवेश मिळत नसे. 1973 मध्ये रेगेचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली आणि त्याचा बँड वेलर्स तिथे वाजवून गेले. 1977 च्या डिसेंबरात तो क्लब जळाला. दोन वर्षांनी, 1979 मध्ये, ब्लॅक रूट्स हा रेगे बँड याच वस्तीत उभा राहिला. 1980 च्या एप्रिलमध्ये ग्रोव्हनर रोडवरच्या एका कॅफेवर पोलिसांनी धाड घातली आणि दंगल उसळली. संगीत आणि हा राग एकाच गल्ल्यांतले आहेत. तिथून चालताना ते वेगळे काढता येत नाहीत.

घरांच्या भिंतींवर 'सेव्हन सेंट्स ऑफ सेंट पॉल्स' ही सात मोठी चित्रं आहेत, मिशेल कर्टिस या चित्रकर्तीने केलेली. ज्यांनी ही वस्ती उभी केली आणि 1968 मध्ये कार्निव्हल, म्हणजे वस्तीचा रस्त्यावरचा उत्सव, सुरू केला, ती ही माणसं. त्यांतल्या रॉय हॅकेट यांच्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी राहिले. 1963 साली ब्रिस्टलच्या बस कंपनीत गोऱ्यांखेरीज कुणालाही ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. हॅकेट, पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला. 28 ऑगस्टला कंपनी नमली. सप्टेंबरात पहिला बिगर-गोरा कंडक्टर कामावर आला तो रघबीर सिंग, एक शीख. लढा उभारला कॅरिबियन लोकांनी आणि बसचं दार त्यांच्यासोबत आपल्याकडच्या माणसालाही उघडलं. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. बस स्थानकात या बहिष्काराचा फलक आहे. तोही शोधून वाचा.

तासभर हाताशी असेल तर बंदरावरचं एम शेड संग्रहालय बघा, प्रवेश मोफत आहे. गुलामांच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या कोल्स्टनचा पुतळा 7 जून 2020 रोजी लोकांनी ओढून पाडला आणि बंदरात ढकलला. आता तो तिथे आडवा ठेवला आहे, अंगावरच्या रंगाच्या फराट्यांसकट. शहरातलं मोठं संगीतगृहही पूर्वी त्याच्या नावाने होतं, आता ते ब्रिस्टल बीकन आहे.

खाण्याचं म्हणाल तर कॅरिबियन जेवण साउंडचेकच्या आधी उरकून घ्या. नंतर वेळ मिळत नाही आणि रात्री उशिरा चिप्सवर भागवावं लागतं. करी गोट आपल्या मटणाच्या रश्श्याचं लांबचं भावंड आहे. 1845 पासून हिंदुस्थानातून मजूर जमैकाला नेले गेले, त्यांच्याबरोबर मसाला तिकडे पोचला. 'राइस अँड पीज' म्हटलं की वाटाणा समजू नका. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा आणि भात असतो तो. स्कॉच बॉनेट मिरचीला आपल्या लवंगीइतकाच मान द्या. शाकाहारी असाल तर 'आयटल' जेवण विचारा. जमैकातला रास्ताफारी धर्म पाळणाऱ्या मंडळींचं हे बिनमांसाचं, बहुतेक वेळा बिनमिठाचं जेवण, भाज्या, भोपळा आणि कडधान्यांचं. आणखी एक, रेगेशी गांजाचं नाव जोडलं जातं, पण तो या देशात बेकायदा आहे. रेगेच्या कार्यक्रमाला आलो म्हणून कुणाजवळ त्याची चौकशी करू नका. रास्ताफारी हा त्या लोकांचा धर्म आहे, तो वेश नव्हे.

ट्रिनिटी सेंटर हे 1832 साली बांधून झालेलं चर्च. आता तिथे प्रार्थनेऐवजी कार्यक्रम होतात. छत उंच, त्यामुळे बेसचा सूर वर जाऊन रेंगाळतो. मिक्सरवरच्या माणसाने साउंडचेकला मैत्रिणीला कमी सूर वाजवायला सांगितलं. तिने ओळीतले निम्मे सूर गाळले आणि रात्री त्या गाळलेल्या जागांत सगळं सभागृह डोलत होतं. मधल्या दोन गाण्यांत डब होता: गाणारा थांबतो, मिक्सरवरचा माणूस एकेक वाद्य काढून घेतो, गिटारचा एखादाच फटका प्रतिध्वनीत सोडून देतो, आणि मग बेस परत येतो. तो परत येतो त्या क्षणासाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन.

तुम्ही बँडबरोबर असाल तर टी-शर्ट आणि रेकॉर्डचं टेबल सांभाळायला स्वतःहून बसा. वादकांची खरी कमाई बरेचदा त्या टेबलावर होते आणि कार्यक्रमानंतर त्यांना तिथे उभं राहायला त्राण नसतं. सुटे पैसे ठेवा, कार्ड मशीन आधी चार्ज करा. पाहुण्यांच्या यादीत फुकट नाव असेल तर निदान एक रेकॉर्ड विकत घ्या. केबल गुंडाळायच्या आधी विचारा. कोपराभोवती गुंडाळलेली केबल आतून पिळवटते, बँडवाल्यांना ते अजिबात चालत नाही.

रविवारी सकाळी मी एकटीच आर्नोस व्हेल दफनभूमीत गेले. टेंपल मीड्सपासून अर्ध्या तासाच्या आत चालत पोचता येतं. राजा राममोहन रॉय 27 सप्टेंबर 1833 रोजी ब्रिस्टलमध्ये वारले. द्वारकानाथ टागोरांनी उभारलेली त्यांच्या समाधीवरची छत्री तिथे आहे, खांबांची आणि घुमटाची, भोवतालच्या इंग्लिश थडग्यांत लांबूनच ओळखू येणारी.

दुपारच्या पबमध्ये ड्रम नव्हते, नुसता बेस, एक गिटार आणि गाणं. पहिल्यांदा रेगे ऐकणाऱ्याला मी आधी असाच कार्यक्रम सुचवीन, कारण प्रत्येक ओळ सुटी ऐकू येते. रविवारी रेल्वेमार्गाची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळू शकते, तेव्हा शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. कार्निव्हल गाठायचा असेल तर तो जुलैच्या पहिल्या शनिवारी असतो. अलीकडे काही वर्षी तो झालेला नाही, त्यामुळे तारीख पक्की झाल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका.