‘बोर्ड’ : टेबल आवरलं, जहाज अडलं

एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ आणि वाक्प्रचार कार्डांवर लिहायचे आणि मुळाप्रमाणे त्यांचे गठ्ठे लावायचे, असा हा छंद. ‘रन’ आणि ‘सेट’च्या वाटेला मी मुद्दामच गेले नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या ‘रन’ क्रियापदाचे ६००हून अधिक अर्थ दिलेत. तिथे उतरलं की माणूस वर येत नाही. ‘बोर्ड’ त्या मानाने आवाक्यातला, आणि त्याच्या मुळाशी हात लावता येईल अशी वस्तू आहे: लाकडाची फळी. म्हणून या खेपेला नियम एकच ठेवलाय. वाक्प्रचार कुठलाही असो, त्यातली फळी नेमकी कोणती हे दाखवता आलं तरच कार्ड गठ्ठ्यात जाणार. नाही आलं तर बाजूला.

टेबलाचा गठ्ठा जवळजवळ आटोपला. जुन्या इंग्रजीतच ‘बोर्ड’ म्हणजे फळीही आणि टेबलही. टेबलावरून त्यावरचं जेवण, जेवणावरून रोजची खाण्याची सोय. म्हणून ‘रूम अँड बोर्ड’, म्हणून बोर्डिंग स्कूल. दुसरा फाटा टेबलाभोवती बसून निर्णय घेणाऱ्यांचा, तो सोळाव्या शतकात फुटला. म्हणजे वसतिगृहातलं ताट आणि कंपनीचं संचालक मंडळ एकाच टेबलावरचे. आपल्याकडे पक्षांत ‘दुसरी फळी’ असते, पण ती माणसं रांगेत उभी, ही बसलेली.

‘अबव्ह बोर्ड’ बहुतेकांना माहीत असेल. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवायचे, म्हणजे खाली काही लपवाछपवी नाही. ‘स्वीप द बोर्ड’ त्याच टेबलावरचा: डाव मारला आणि पणाला लागलेलं सगळं एका हाताने ओढून घेतलं. मला मात्र जास्त रस वाटला तो ‘बेड अँड बोर्ड’मध्ये. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत नवरा-बायकोला वेगळं राहायची मुभा मिळायची, पण लग्न मोडायचं नाही, दुसरं करता यायचं नाही. त्याला ‘बिछाना आणि टेबल’ यांपासूनची फारकत म्हणत. मूळ लॅटिन सूत्रात टेबल आधी येतं आणि बिछाना नंतर. इंग्रजीने क्रम उलटा केला. (का, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते दोन ‘ब’ कानाला असेच बरे लागतात.) १८५७च्या कायद्याने ही सोय जाऊन न्यायालयीन विभक्तता आली, शब्दप्रयोग मात्र मागे राहिला.

‘कबर्ड’चं कार्डही इथेच. लिहिताना ‘कप’ दिसतो, बोलताना त्यातला ‘प’ कुणी उच्चारत नाही. आधी ही कप आणि भांडी मांडून ठेवायची उघडी फळी किंवा टेबल होतं. दारं नंतर लागली. ‘कबर्ड लव्ह’ म्हणजे खाऊच्या आशेने केलेली लाडीगोडी. मांजर पाळणाऱ्यांना याचं वेगळं स्पष्टीकरण नको.

आता जहाज. गाडी इथेच अडलीय आणि इथेच खरी मजा आहे. ‘ऑन बोर्ड’, ‘ओव्हरबोर्ड’, ‘स्टारबोर्ड’ (जहाजाची उजवी बाजू) यांतलं ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची बाजू. बाजू फळ्यांचीच बांधलेली, तेव्हा प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. पण व्युत्पत्तीच्या कोशांत डोकावलं की दिसतं, जुन्या जर्मानिक भाषांत दिसायला सारखे दोन शब्द होते: एकाचा अर्थ फळी, दुसऱ्याचा कड किंवा काठ. इंग्रजीत ते एकमेकांत मिसळून गेले. काठवाला शब्द फ्रेंचमधून फिरून ‘बॉर्डर’ होऊन पुन्हा इंग्रजीत आला, ते वेगळंच. मग ‘ओव्हरबोर्ड’ पडलेला माणूस फळीवरून पडला की काठावरून? माझ्या नियमाला हे कार्ड जुमानत नाही. सध्या फळी आणि काठ यांच्यामध्ये आडवं ठेवून दिलंय.

‘स्टारबोर्ड’मध्ये तारा नाही, हे नवीन मंडळींसाठी. पहिला भाग ‘स्टिअर’ म्हणजे जहाज वळवणं. जुन्या जहाजांचं सुकाणू मागे मध्यभागी नसायचं. उजव्या कडेला मोठं वल्हं असायचं, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताची. वल्हं धरून उभं राहिलं की डावी बाजू पाठीशी येते, म्हणून जुन्या इंग्रजीत तिला ‘पाठीची बाजू’ अशा अर्थाचा शब्द होता. जर्मन ‘बाकबोर्ट’ने तो आजही जपलाय. इंग्रजीने टाकून दिला आणि ‘लार्बोर्ड’ घेतला. वादळात ओरडून हुकूम देताना ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लार्बोर्ड’ सारखेच ऐकू यायचे. अखेर ब्रिटिश आरमाराने १८४४मध्ये हुकूम काढून डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणायला लावलं. शब्दाची बदली सरकारी आदेशाने झाली आणि तो आदेश टिकलाही, अशी उदाहरणं फार नाहीत.

‘गो बाय द बोर्ड’, म्हणजे बेत किंवा तत्त्व बासनात जाणं, हे मोडलेल्या डोलकाठीवरून आलंय. ती कडेवरून पाण्यात जायची. आणि ‘बोर्डर’ची दोन कार्डं शेजारी ठेवून बघा: एक पैसे भरून जेवणारा सालस पाहुणा, दुसरा तलवार उपसून शत्रूच्या जहाजावर चढणारा. पहिला टेबलाचा, दुसरा जहाजाचा.

सपाट फळीचा गठ्ठा पटापट होतोय. ब्लॅकबोर्ड, स्केटबोर्ड, सर्फबोर्ड यांत शोधण्यासारखं काही नाही. अपवाद ‘डॅशबोर्ड’. घोडागाडीत पुढे एक उभी फळी असायची, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून. ‘डॅश’ म्हणजे तो उडणारा चिखल. घोडा गेला, फळी मोटारीत आली, तिच्यावर काटे आणि दिवे बसले. आता ती संगणकाच्या पडद्यावर आलेख दाखवते. पाहा तरी, फळीही गेली आणि चिखलही.

‘बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड’, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, जुनं वाटतं, पण आहे १९४१चं. पीटर आर्नोचं ‘न्यूयॉर्कर’मधलं व्यंगचित्र: विमान कोसळलंय, सगळे तिकडे धावतायत आणि आराखड्याची गुंडाळी काखेत मारून एक गृहस्थ शांतपणे उलट चाललाय. ‘अक्रॉस द बोर्ड’, म्हणजे सरसकट, हे अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतून आल्याचं सांगतात: एकाच घोड्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा तिन्ही जागांसाठी सारखीच रक्कम लावायची. इथली फळी म्हणजे भाव लिहिलेला फलक. तूर्त पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

उरलंय ते ऑफिसातलं ‘ऑनबोर्डिंग’. नव्या माणसाला रुळवण्याचा हा प्रकार जहाजाच्या गठ्ठ्यात टाकलाय, थोडं नाखुशीनेच. पुढचा शब्द ‘टेबल’ घेतेय. लॅटिनमध्ये तोही आधी फळीच होता. शिवाय सभेत एखादा विषय ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं. कुणाकडे याची कार्डं आधीच तयार असतील तर अदलाबदल करू. माझ्याकडे ‘बोर्ड’ची दुबार कार्डं भरपूर आहेत.