दोन इंचांची फट

मला सातवा संपत आला होता आणि आमच्या घरात बेडसाइड क्रिबची, म्हणजे पलंगाला खेटून उभ्या राहणाऱ्या पाळण्याची, गरज माझ्याशिवाय कुणालाच वाटत नव्हती. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: माळ्यावर घोडियुं आहे, ते उतरवा, पुसा, झालं.

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते. घोडियुं म्हणजे इथला गुजराती पाळणा. दोन बाजूंना लाकडी घोडे, वर आडवा दांडा, त्याला टांगलेली कापडाची झोळी आणि झोके द्यायला दोरी. आमचं संखेड्याचं. संखेडा डभोईच्या पलीकडे, पूर्वी आमच्याच जिल्ह्यात होतं, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेलं. तिथले खरादी सागाचं लाकूड कातून त्यावर लाखेचा रंग चढवतात. गडद लालसर रंगावरची ती सोनेरी नक्षी मुळात कथलाची, म्हणजे रुपेरी असते. वर लाख चढली की सोनं दिसायला लागतं. आमचं सासर चार पिढ्या बडोद्यात, बोलणं मराठी, जेवणात वरणभात आणि पाळणा मात्र गुजराती. माझा नवरा त्यात झोपला, त्याची बहीण झोपली, त्याआधी सासरेही झोपले असं ऐकते.

माझं मन वळलं ते आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंमुळे. बाळ यायच्या आधीच एकदा भेटून घ्या असं मोठ्या जावेने सांगितलं होतं, म्हणून गेलो. सासूबाई सोबत. घोडियाचा विषय त्यांनीच काढला. बाईंनी हसून घेतलं आणि मग टेबलावरचा नॅपकिन दोन्ही टोकांना धरून त्यात मूठ ठेवली. नॅपकिन मध्ये खोल गेला. म्हणाल्या, "आजी, बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान धरलेली नसते. झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मोठं माणूस खोकेल, उठून बसेल. महिन्याभराचं बाळ आवाजसुद्धा करत नाही." मग मला म्हणाल्या, जागं असताना, कुणी समोर बसलेलं असताना घाला खुशाल. रात्रभर नको.

बाकीचं त्यांनी एका दमात सांगितलं. बाळ पाठीवर झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा २०२२ चा सल्लाही हाच आहे: निदान पहिले ६ महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण त्यांच्या अंथरुणात नाही, स्वतःच्या वेगळ्या जागेवर. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत. मोहरीच्या उशीचंही नाव मी घेतलं, कारण ती आईने इंदूरहून शिवून आणली होती. बाई म्हणाल्या, "डोकं गोल होईल आपोआप, उशी कपाटात ठेवा."

रिक्षात सासूबाई गप्प होत्या. काळा घोडा चौक ओलांडल्यावर म्हणाल्या, "मग तो तुझा क्रिब बघू या. पण घोडियुं उतरवायचं म्हणजे उतरवायचं."

आता खरी गोष्ट. आमचं घर कारेलीबागेत, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात आली तेव्हा आमचा जुना पलंग दोन दिवस पाण्यात उभा होता. चार पाय असलेला, खालून झाडू फिरेल एवढा उंच. पाणी ओसरल्यावर त्याचे सांधे खिळखिळे झाले, फळ्या फुगल्या आणि तो भंगारवाल्याला गेला. घोडियुं माळ्यावर होतं म्हणून वाचलं. नवा पलंग आम्ही पेटीचा घेतला, जमिनीपर्यंत बंद, आत गाद्या-रजया मावतील असा. ही एवढी मोठी चूक आहे हे कळायला मला एक क्रिब परत पाठवावा लागला.

पहिला क्रिब मी ऑनलाइन मागवला. पलंगाला चिकटून उभा राहणारा, चौथी बाजू चेनने खाली पडणारी, चाकं, मच्छरदाणी, सगळं. उंची नीट मोजली होती. आमची पेटी १५ इंच, गादी ६ इंच, म्हणजे २१. क्रिबची उंची टप्प्याटप्प्याने बदलता येत होती, त्यात २१ बसत होतं. मी खूश. नवऱ्याने रविवारी सकाळी तो जोडला, पलंगाजवळ सरकवला आणि खण्ण असा आवाज आला.

क्रिबचे पाय.

हे क्रिब ज्या पलंगांसाठी काढले जातात त्यांच्या खाली मोकळी जागा असते. पाळणा पलंगाला खेटावा म्हणून त्याचे पाय आडवे, पलंगाच्या खाली घुसणारे असतात. पलंगच जमिनीला टेकलेला असेल तर पाय पेटीवर आपटतात आणि पाळणा वीतभर लांब उभा राहतो. वीतभर लांब म्हणजे मग तो साधा पाळणाच. चित्रातल्या पलंगाला पाय होते. मी चित्रात बाळाकडे बघत होते.

परत पाठवण्याचं रामायण थोडक्यात सांगते: खोकं फाडलेलं, स्क्रू लावून काढलेले, "वापरलेली वस्तू" म्हणून त्यांची टाळाटाळ, अकरा फोन. पैसे आले शेवटी, थोडे कापून.

मग मात्र मी आधी पलंगाशेजारी जमिनीवर बसले. आठव्या महिन्यात जमिनीवर बसणं सोपं, उठणं कठीण. टेप घेऊन सगळं पुन्हा मोजलं आणि तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, पायांपेक्षा वाईट. आमच्या पलंगाला सगळीकडून कड आहे. गादी सरकू नये म्हणून पेटीच्या वर दोन इंच उचललेली, दोन इंच जाडीची लाकडी कड, आणि गादी तिच्या आत. म्हणजे पाळणा कडेला कितीही घट्ट लावला तरी त्याची गादी आणि आमची गादी यांच्यात दोन इंचांचा चर राहणार, चार इंच खोल. लहान बाळाचा हात त्यात सहज जाईल. तोंड रुतलं तर काढायची ताकद त्याच्यात नसते. बेडसाइड क्रिबची सगळी गंमत चौथी बाजू खाली पाडण्यात आहे, आणि सगळा धोका त्याच जागी.

नवऱ्याने मोजपट्टी त्या चरात उभी धरली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

घरात उपाय बरेच निघाले. सासूबाई म्हणाल्या, गोधडीची वळकटी घाल. आत्या म्हणाल्या, लोड ठेव. पण फटीत मऊ काही कोंबलं की ते निघून बाळाच्या तोंडाशी येणार, म्हणजे आगीतून फुफाट्यात. युरोपात ईएन ११३० या मानकात २०१९ पासून अशा पाळण्यांच्या उघड्या बाजूलाही किमान १२ सेंटिमीटरचा अडसर ठेवावा लागतो, ते मला फार पटलं. पण तसा पाळणा मी बघितलेल्या दुकानांत नव्हता.

अलकापुरीतल्या एका दुकानात मला निदान पाय आत दुमडणारा क्रिब मिळाला. दुकानदार भला माणूस, पण विकणारा. आधी म्हणाला, "बेन, घोडियुं लई जाव ने, चार पट स्वस्त." मग बेडिंग सेट काढला: कडेने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, दोन लोड, बदामाच्या आकाराची उशी, सगळ्यावर हत्ती. अमेरिकेत अशा पट्ट्या विकायलाच २०२२ मध्ये कायद्याने बंदी आली, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, इथे तर सगळे नेतात. वरून आणखी एक मऊ गादी दाखवली. क्रिबसोबत आलेली त्याला "पाटीसारखी" वाटत होती. मी तिच्यावर तळहात दाबला, उचलला. ठसा उरला नाही. हीच हवी होती. शिवाय वर दुसरी गादी घातली की कडेची उंची तेवढी कमी होते आणि बाजूला नवीन फटी तयार होतात. एक टोक वर करायची सोयही त्या क्रिबला होती, "दूध उलटत असेल तर" म्हणे. बाईंना फोनवर विचारलं. "सपाट ठेवा. उतारावर बाळ खाली घसरतं," एवढंच.

पाय आत दुमडले की पाळण्याचा तोल एका बाजूला जातो, म्हणून तो पलंगाला बांधलेलाच असावा लागतो. दोन पट्टे मिळतात. ते आपल्या गादीखालून पार पलीकडे न्यायचे, तिथे त्यांच्या टोकाची पट्टी अडकवायची आणि इकडून ओढून घट्ट करायचे. पुस्तिकेतलं हे पान नवऱ्याने तीनदा वाचलं, तो इंजिनियर आहे, त्याला राहवत नाही.

राहिली कड. शेवटी वाडीतल्या सुताराला बोलावलं. त्याला वाटलं पाळणा बनवायचाय. खिशातून पेन्सिल काढून गजांचं बोलायला लागला. (गजांच्या पाळण्याचाही विचार मी केला होता. दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर बाळाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. पण हातात पाच आठवडे होते आणि त्याचे "आठ दिवस" म्हणजे किती हे बडोद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.) मी म्हटलं, दादा, पाळणा आहे. पलंगाची ही कड कापायची आहे.

तो पलंगाकडे बघत राहिला. "नवा आहे, ताई."

"हो."

"आणि कापायचा?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. माझी बाजू घेतील असं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, "काप रे बाबा. घोडियुं नको म्हणते, पलंग कापते, आता बाळ आलं की आणखी काय काय कापायला लावेल."

कड नुसती स्क्रूने बसवलेली होती, भार सगळा पेटीवर. अर्ध्या तासात काम झालं. त्याने कापलेल्या बाजूला पॉलिश पेपर मारला, मी बोट फिरवून कुसळ लागत नाही ना बघितलं. गादी त्या बाजूला सरकवली, पाळण्याच्या गादीला भिडली. पलीकडे भिंतीच्या बाजूला दोन इंच उरले, तिथे जुनी चादर गुंडाळून घट्ट बसवली. बाळापासून ती साडेपाच फूट लांब. पट्टे ओढल्यावर दोन गाद्यांच्या मध्ये माझं करंगळीएवढं बोटही जाईना. नवरा पलंगावर बसला, आडवा झाला, कुशीवर वळला, उठला. फट उघडली नाही. तेव्हा कुठे मी चहा ठेवला.

सिझेरियन होईल असं ठरलेलं नव्हतं, पण झालं. पहिल्या दहा रात्री टाक्यांमुळे मला उठून बसायलाच दोन मिनिटं लागायची. कुशीवर वळून हात लांबवायचा, लेकीला दुपट्यासकट जवळ ओढायचं, पाजायचं आणि डोळा लागायच्या आत परत सरकवायचं. ते "लागायच्या आत" फार कठीण होतं. दोनदा नवऱ्याने मला हलवून जागं केलं. रोज रात्री दिवा घालवण्याआधी मी पाळण्याला ढकलून बघायची आणि दोन गाद्यांमध्ये बोट घालायची. आमच्याकडे देवाला दिवा लावतात तसा तो नेम झाला.

जुलैत विश्वामित्रीच्या कृपेने डास. मच्छरदाणी क्रिबसोबत होती, पण ढिली, चेहऱ्यावर येईल अशी. ती काढून टाकली आणि अख्ख्या पलंगाला पाळण्यासकट मोठी ताणून बांधली.

बारशाला घोडियुं उतरलं. सासूबाईंनी ते आठवडाभर आधीपासून पुसून ठेवलं होतं, नक्षीतली धूळ दातकोरण्याने काढून. झोळीऐवजी पैठणीची घडी. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्याने कानात कुर्र केलं, आणि कन्या घोडियात तासभर शांत पडून सगळ्यांकडे बघत राहिली. सासूबाईंनी दोरी हातात घेतली ती कुणाला दिली नाही. त्या बघत बसलेल्या, म्हणजे बाईंच्या अटीत बसत होतं. घोडियाच्या कड्या करकरतात, तो आवाज ऐकून शेजारच्या काकू आपल्या घरातून ओरडल्या, "हा आमच्या लहानपणचा आवाज!"

क्रिबची पुस्तिका सांगते, ९ किलोपर्यंत, किंवा बाळ हातापायांवर अंग उचलू लागेपर्यंत, जे आधी होईल ते. आमची साडेचार महिन्यांतच पालथी पडायला लागली, म्हणून चौथी बाजू वर करून चेन लावली. डिसेंबरात एका सकाळी ती दोन्ही हातांवर उठून जाळीतून माझ्याकडे बघत होती. त्याच आठवड्यात गजांचा मोठा पाळणा आणला आणि क्रिब दुमडून माळ्यावर गेला, घोडियाशेजारी.

पट्टे मात्र अजून गादीखाली आहेत. ते काढायचे तर गादी उचलायला हवी, आणि गादीवर कायम कुणीतरी झोपलेलं असतं. परवा थंडी पडली म्हणून पेटीतून रजया काढायला गेलो, तर झाकणावर पट्टा ताणलेला, झाकण उघडेना.